दोन माणसांच्या जागी २.१ मुलं कशाला? (तुम्ही विचारलंत म्हणून)

मी डेमोग्राफीत (लोकसंख्येच्या अभ्यासात) आहे कळलं की हा प्रश्न येतोच, की आईबाप दोन, त्यांच्या जागी मुलं दोन, हिशोब संपला, मग लोकसंख्या टिकायला दर बाईमागे २.१ मुलं लागतात असं तुम्ही लोक का म्हणता आणि ते पॉइंट एक मूल आणायचं कुठून? विचारणारा हसत असतो, पण प्रश्न चोख आहे.

तर आमच्या हिशोबात बाप नाहीच. एका बाईच्या जागी पुढच्या पिढीत एक बाई हवी, तीही मूल होण्याच्या वयापर्यंत जगलेली. निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे एक मुलगी व्हायला सरासरी २.०५ जन्म लागतात, त्यात काही मुली लहानपणीच दगावतात म्हणून थोडी भर, झाले २.१. पण हे कमी बालमृत्यू असलेल्या देशांचं गणित आहे. जिथे मुलं फार दगावतात तिथे हाच आकडा तीनच्या वर जातो, आणि गर्भलिंग निवड करून १०० मुलींमागे ११५ मुलगे जन्माला घातले तर मृत्यू न धरताच २.१५ होतात. त्यामुळे २.१ सगळीकडे ठोकून देणाऱ्यांचा मला जरा रागच येतो.

पण खरी गंमत टीएफआरमध्ये, म्हणजे एकूण प्रजनन दरात आहे. पेपरात येतं 'दर बाईमागे १.८ मुलं', आणि वाचणाऱ्याला वाटतं बायकांना मोजून विचारलंय. तसं नसतं. एकाच वर्षात १५ ते ४९ मधल्या प्रत्येक वयाच्या बायकांना किती मुलं झाली ते दर काढायचे आणि बेरीज करायची. म्हणजे पंचविशीतली एक पिढी, चाळिशीतली दुसरीच, आणि सगळ्यांना जोडून एक काल्पनिक बाई तयार! ती कुठेच राहत नाही.

म्हणून बायकांनी मूल नुसतं पुढे ढकललं तरी आकडा पडतो. जपानात १९६६ हे 'हिनोए-उमा' वर्ष होतं, त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला जड जाते अशी समजूत, तर टीएफआर २.१४ वरून एकदम १.५८ वर आला आणि १९६७ ला परत २.२३. तेवढ्यात लोकांचं मुलांबद्दलचं मत दोनदा बदललं का? छे, फक्त वर्ष चुकवलं. बोंगार्ट्स आणि फीनी या लोकसंख्या अभ्यासकांनी १९९८ मध्ये यावर दुरुस्ती सुचवली, आई होण्याचं सरासरी वय दरवर्षी ०.१ वर्षाने सरकत असेल तर टीएफआर साधारण १० टक्के कमी दिसतो, म्हणजे खरा २ असला तर कागदावर १.८.

आता सगळीच घसरण 'अहो उशिरा होतील मुलं' म्हणून उडवून लावता येत नाही हेही सांगतो. दक्षिण कोरियाचा टीएफआर २०२३ मध्ये ०.७२ होता, तिथे कितीही दुरुस्ती करा, २.१ च्या आसपास पोचत नाही.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला, मग तिथली लोकसंख्या कधीच घटायला हवी होती ना? तर तो देश १९८३ च्या सुमारासच २.१ च्या खाली गेला, पण आधीच्या मोठ्या पिढ्यांतल्या मुली तेव्हा आई होण्याच्या वयात येत होत्या, प्रत्येकीला कमी मुलं पण आयाच भरपूर, म्हणून जन्म मृत्यूंपेक्षा जास्तच राहिले आणि मृत्यू पहिल्यांदा वरचढ झाले ते थेट २०२० मध्ये.