तुम्ही विचारलंत म्हणून: शब्दांची यादी आणि फाइलींचे जंजाळ

मला वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा आहे: एका फोल्डरमध्ये आणि त्याच्या पोटातल्या फोल्डरांमध्ये मिळून हजारो फाइली आहेत, हाताशी दोनेकशे शब्दांची यादी आहे, तर कोणता शब्द कुठे आला आहे हे शेल स्क्रिप्टने, म्हणजे कमांड ओळीने लिहून ठेवलेल्या फाइलीने, कसे शोधावे? विचारणाऱ्याने बहुधा एक स्क्रिप्ट आधीच लिहिलेली असते. तिच्यातला लूप यादीतून एकेक शब्द उचलतो आणि प्रत्येकासाठी ग्रेप (grep), म्हणजे फाइलींत मजकूर शोधणारी कमांड, नव्याने चालवतो. उत्तर मिळते, पण त्यापायी साऱ्या फाइली दोनशे वेळा चाळल्या जातात.

याची काहीच गरज नसते. अनेक शब्दांचा मिळून एकच आराखडा तयार करायचा आणि मजकूर एकदाच वाचताना ते सगळे ओळखायचे, ही पद्धत आल्फ्रेड आहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी 1975 मध्येच प्रसिद्ध केली होती. जुना एफग्रेप, म्हणजे शब्द जसेच्या तसे शोधणारा ग्रेपचा भाऊबंद, तिच्यावरच उभा होता. आज ग्रेपला छोटा आर (-r) हा पर्याय दिला की तो आतल्या फोल्डरांत शिरतो, छोट्या एफने (-f) यादीची फाइल सांगता येते आणि मोठ्या एफमुळे (-F) यादीतली अक्षरे जशीच्या तशी धरली जातात. हा मोठा एफ विसरला, तर ‘1.5’ मधला टिंब कोणत्याही अक्षराशी जुळतो आणि ‘145’ सुद्धा सापडल्याचे दिसते.

माझ्या मते खरी गोम कमांडमध्ये नसून यादीत असते. यादीच्या शेवटी एखादी रिकामी ओळ राहून गेली, तर रिकामा शब्द सर्वत्र असतोच, या न्यायाने प्रत्येक फाइलीची प्रत्येक ओळ समोर येते. यादी विंडोजवर तयार केली असेल, तर प्रत्येक ओळीच्या टोकाला कॅरेज रिटर्न हे ओळ संपल्याचे न दिसणारे चिन्ह चिकटलेले असते. लिनक्सवरचा ग्रेप ते शब्दाचाच भाग मानतो आणि डोळ्यांना ढळढळीत दिसणारा शब्दही त्याला सापडत नाही. ते चिन्ह अक्षरे बदलणाऱ्या वा गाळणाऱ्या टीआर (tr) कमांडने आधी काढून टाकावे. शिवाय यादी शोधाच्याच फोल्डरमध्ये ठेवली, तर प्रत्येक शब्द निदान एकदा सापडणारच, अर्थात त्या यादीतच!

इंग्रजी ‘लॉग’ शोधताना ‘कॅटलॉग’ आणि ‘ब्लॉग’ नको असतील, तर छोटा डब्ल्यू (-w) जोडावा.

लूप मात्र अगदीच टाकाऊ नाही. कोणते शब्द कुठेच आलेले नाहीत, हे हवे असेल तेव्हा मीही तोच वापरतो. छोट्या क्यूमुळे (-q) ग्रेप काहीही न छापता पहिल्याच सापडीला थांबतो आणि स्क्रिप्टला निकालाचा आकडा म्हणून 0 परत करतो. 1 आल्यास शब्द नाही असे समजावे. पण 2 आला, तर वाचतानाच अडचण आलेली असते, बहुधा एखाद्या फाइलीची परवानगी नसते, आणि अशा वेळी तो शब्द ‘नाही’च्या रकान्यात टाकू नये.