इसम आढळला नाही

कराचीतला आपला वाणिज्य दूतावास १९९४ साली बंद झाला. तेव्हापासून तिथल्या मलीर तुरुंगातल्या मच्छीमारांना भेटायचं तर इस्लामाबादच्या उच्चायुक्तालयातून माणूस जातो. परवानगी, तारीख, मग विमान. माझ्या नेमणुकीत ही फेरी मी चार वेळा केली. सांगतोय ती तिसरी.

भेट म्हणजे एक खोली, एक टेबल. पलीकडे एकेक जण येऊन बसतो, बाजूला तुरुंगाचे अधिकारी. माझ्या हातात फॉर्मांचा गठ्ठा. नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, पोलीस ठाणं, शाळा, सरपंच कोण, शरीरावरची खूण. फॉर्म दिल्लीहून राज्याकडे, तिथून ठाण्यात जातो. पोलिसांनी गावात चौकशी करून ‘हा इथलाच’ असं कळवलं, की राष्ट्रीयत्व पक्कं. २००८ च्या भारत-पाकिस्तान करारानुसार अटकेपासून तीन महिन्यांत अशी भेट मिळायला हवी. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व पक्कं झालं, की महिन्याभरात सुटका. दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. कागद चोख आहे. माणसं मात्र शिक्षा संपल्यावरही बसून असतात.

त्या दिवशी बहुतेक जण सौराष्ट्रातले आणि दीवचे होते. कामापुरती गुजराती मी शिकून घेतली होती. मग एक पोरगा आला, पालघरच्या तलासरी तालुक्यातला. ओख्याच्या बोटीवर खलाशी. त्या पट्ट्यातली कितीतरी पोरं हंगामाची उचल घेऊन गुजरातच्या बोटींवर जातात, त्यातलाच एक. मराठीत बोललं तर चालेल का, हे मी आधी अधिकाऱ्यांना विचारून घेतलं.

त्याचा आधीचा फॉर्म परत आला होता. शेरा होता, ‘सदर नावाचा इसम गावात आढळून आला नाही.’

हे समोरच्या माणसाला कसं सांगतात, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. वाचून दाखवलं.

तो बघत राहिला. मग म्हणाला, “साहेब, माझी आय तिथंच हाय ना. ती नाय सापडली?”

पकडले कसे, हे मी विचारायची गरज नव्हती, पण तो सांगत बसला. कच्छजवळच्या सर क्रीक खाडीच्या बाजूला रात्री जाळं टाकलेलं. तिथली सागरी हद्द दोन देशांनी अजून ठरवलेलीच नाही, आणि पाण्यावर तर रेघ कुठेच नसते. “जीपीएस तांडेलाच्या केबिनीत. आमी जाळ्यावर. आमाला काय दिसतंय?” तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पोलीस ठाणं? माहीत नाही. सरपंच? मागच्या वेळी एक बाई होत्या. पाड्याचं नाव त्याने सांगितलं आणि माझ्या लक्षात आलं, त्याच नावाचे पाडे त्या भागात दोन-तीन तरी असणार. मग रकाने बाजूला ठेवले. म्हटलं, हायवेवर उतरलास की घरी कसा जातोस, ते सांग. त्याने डोळे मिटले. टेम्पो, चढण, आश्रमशाळा, ओढ्यावरचा बांध, मग उजवीकडे मोहाची तीन झाडं. मी फॉर्मच्या मागे लिहीत गेलो.

“आणि गावात या नावाने ओळखतात ना तुला?”

“नाय. हे नाव शाळेतलं. पाड्यात कुणाला ठावं नाय.”

“मग काय म्हणतात?”

तो लाजला. डावा हात टेबलावर ठेवला. करंगळी मधूनच वाकडी. लहानपणी बिळात हात घातला, चिंबोरीने, म्हणजे खेकड्याने धरलं, हाड मोडलं, ते तसंच जुळलं. तेव्हापासून ‘चिंबोऱ्या’. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, काय झालं? मी उर्दूत सांगितलं, तेही हसले. एवढाच काय तो त्या दिवसातला हसण्याचा प्रसंग.

खुणेच्या रकान्यात करंगळी लिहिली. ‘अन्य नाव’ या रकान्यात ‘चिंबोऱ्या’ लिहिताना क्षणभर थांबलो. असलं काही सरकारी कागदात गेलेलं वरिष्ठांना आवडत नाही. लिहिलं.

उठताना तो म्हणाला, आयला सांगा मी जाड झालोय. झाला नव्हता.

पाच महिन्यांनी अहवाल आला. राष्ट्रीयत्व पक्कं. खाली हवालदाराने स्वतःच्या अक्षरात भर घातली होती: ‘मूळ नावाने चौकशी केली असता कोणी ओळखले नाही. चिंबोऱ्या म्हणताच सर्व पाडा गोळा झाला.’