आयसीजी : चमक नंतर, घड्याळ आधी

कर्करोगासाठी अन्ननलिका काढल्यावर तिच्या जागी जठराचीच नळी करून वर ओढतात. त्यासाठी डावी जठर धमनी, डावी गॅस्ट्रोएपिप्लॉइक (जठराच्या मोठ्या बाकाच्या कडेने जाणारी धमनी) आणि प्लीहेकडून येणाऱ्या आखूड शाखा कापाव्या लागतात. मुख्य भिस्त उरते उजव्या गॅस्ट्रोएपिप्लॉइकवर. तीही टोकापर्यंत जात नाही. शेवटचे काही सेंटिमीटर भिंतीतल्या बारीक जाळ्यातून झिरपणाऱ्या रक्तावर जगतात. आणि वर उरलेल्या अन्ननलिकेशी जोड घ्यायचा तो नेमका तिथंच! नागपुरात येणारा रुग्ण बरेचदा वर्षानुवर्षं खर्रा खाल्लेला, घास उतरत नाही म्हणून खंगलेला. जोड गळणं त्याला परवडत नाही.

रोबोटने शस्त्रक्रिया करताना चिमट्याला नाडी जाणवत नाही, म्हणून आयसीजी, म्हणजे इंडोसायनिन ग्रीन. शिरेतून दिलेला हा रंग रक्त पोचतं तिथं खास कॅमेऱ्यात हिरवा चमकतो. 25 मिलिग्रॅमच्या कुपीत इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी 10 मिली घाला. सलाइन नको, रंग नीट विरघळत नाही, कण राहू शकतात. द्रावण उजेडापासून झाका आणि 6 तासांत वापरा. औषधात आयोडाइड असतं, तेव्हा ॲलर्जी आधी विचारा. कुपी 20 ते 25 अंशांत ठेवायची असते. मे महिन्यातल्या नागपुरात ती दिवसभर कुरिअरच्या गाडीत तापली नाही ना, हे स्टोअरला जरूर विचारावं.

3 मिली, म्हणजे 7.5 मिलिग्रॅम, शिरेतून झटक्यात द्या आणि लगेच 10 मिली सलाइनने लाइन धुवा. भूलतज्ज्ञांना आधी सांगून ठेवा, पल्स ऑक्सिमीटरचा आकडा क्षणभर खोटाच खाली येतो. फायरफ्लाय (रोबोटच्या कॅमेऱ्यात ही चमक दाखवणारी सोय) सुरू ठेवून कॅमेरा आधी उजव्या गॅस्ट्रोएपिप्लॉइकच्या मुळाशी स्थिर धरा. तिथं हिरवं दिसलं की नर्सने स्टॉपवॉच दाबायचं. जपानी शल्यचिकित्सकांनी मांडलेल्या नियमानुसार 90 सेकंदांत, शक्यतो 60 मध्येच, चमकलेल्या भागात जोड घ्यावा. उशिरा चमकलेलं टोक कापून टाकावं.

फसगत होते ती इथंच. दोन-तीन मिनिटं थांबलात तर रंग झिरपत जातो आणि अर्धमेलं टोकही हिरवंगार दिसतं. कॅमेरा जवळ नेला की चमक आपोआप वाढते, म्हणून अंतर आणि कोन बदलू नका. रक्तदाब पडलेला असेल किंवा नॉरॲड्रेनॅलिन (रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वाढवणारं औषध) जोरात चालू असेल, तर आधी ते सावरा, मग रंग द्या. नाहीतर चांगल्या नळीवरही नाहक कात्री चालेल. पुन्हा पाहायचं असेल तर साधारण 15 मिनिटं थांबा, आधीची चमक ओसरू द्या.

आत येणारं रक्त हिरवं दिसतं, तुंबलेली शीर दिसत नाही. नळीला पीळ पडला किंवा हायेटस (श्वासपटलातलं अन्ननलिकेचं छिद्र) आवळून राहिला, तर पोटात छान चमकलेली नळी छातीत निळसर पडते. म्हणून वर ओढल्यावर, जोड घेण्याआधी, साध्या पांढऱ्या उजेडात तिचा रंग आणि पीळ पुन्हा बघा.