मृत्यूंची नोंद आणि तिच्याबाहेरचे

आत्महत्येची राष्ट्रीय आकडेवारी वाचताना मी आधी एकूण संख्या पाहत असे. आता मात्र माझे लक्ष प्रथम ‘हेतू अनिश्चित’ या रकान्याकडे जाते. बुडून किंवा विषबाधेने झालेला मृत्यू अपघाती की हेतुपुरस्सर, हे ठरत नाही तेव्हा तो याच रकान्यात जाऊन बसतो, आणि जिथे कायद्याचा धाक किंवा लोकलाज मोठी असते तिथे आत्महत्यांचा खरा आकडा झाकला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 7 लाख 27 हजार लोकांनी आत्महत्या केली. पुरुषांमधील मृत्युदर स्त्रियांच्या दुपटीहून थोडा अधिक आहे. मात्र स्वतःला इजा करून घेतल्यामुळे रुग्णालयात येणाऱ्यांमध्ये अनेक देशांत किशोरवयीन मुली आणि तरुण स्त्रिया अधिक आढळतात. म्हणजे केवळ मृत्यूंची नोंद पाहून धोरण आखले, तर हा संपूर्ण गट नजरेआड होतो. एकदा स्वतःला इजा केलेल्या व्यक्तीला पुढे आत्महत्येचा धोका अधिक असतो, त्यामुळे ही चूक मला विशेष गंभीर वाटते.

वयाचेही तसेच आहे. 15 ते 29 या वयोगटात आत्महत्या हे मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी तिसरे असले, तरी बऱ्याच देशांत सर्वाधिक दर वृद्ध पुरुषांमध्ये दिसतो, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. ऑस्ट्रेलिया व कॅनडातील आदिवासी समुदायांमध्ये हा दर उर्वरित लोकसंख्येपेक्षा बराच जास्त आहे. राष्ट्रीय सरासरीत तो दिसतच नाही.