दोन बोटी, एकच सामुद्रधुनी

मधली रात्र, सिंगापूर. फेब्रुवारी 2025

पहिली बोट आज सोडली, दुसरी उद्या धरायची. मधली ही एक रात्र लेकाच्या घरी. वॉशिंग मशीन दोनदा लावून झालं. हे कधीच झोपले आणि मी डायनिंग टेबलाशी वही घेऊन बसले आहे.

लेकाचं म्हणणं होतं, "आई, एकाच बोटीवर सात रात्री काढा. बॅगा उचलायला नकोत, खोली बदलायला नको." त्याचं चुकत नव्हतं. पण मी हट्ट धरला, की दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन बोटी पाहिजेत. तीन रात्री 'गेंटिंग ड्रीम', मग चार रात्री 'अँथम ऑफ द सीज'. त्याला वाटलं, आईला आता सगळंच बघायचंय. तेही आहेच. पण खरं कारण त्याला सांगून कळलं नसतं.

लहानपणी मे महिन्यात आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं हर्णैला जायचो. बोट दर वेळी तीच असेल असं नाही. घरी पोचलो की ओटीवर पहिला प्रश्न यायचा, "यंदा कुठली बोट होती?" मग त्या बोटीवर चर्चा. कोणती डुलते, कोणती सरळ चालते, कोणत्या बोटीवर कोणाला बोट लागली. 'कोकण सेवक'वर बसलेला माणूस 'रोहिणी'वर बसलेल्या माणसाशी तावातावानं बोलायचा. दोन बोटींवर बसल्याशिवाय बोटीबद्दल बोलण्याचा अधिकार नाही, असं आमचे नाना म्हणायचे. एकीवर बसलात तर समुद्र कुठला आणि बोट कुठली, ते वेगळं काढता येत नाही.

आज 'गेंटिंग ड्रीम'वरून उतरताना धक्क्यावरून मागे वळून पाहिलं. बोटीच्या अंगावर हे भलंमोठं चित्र रंगवलंय, एक जलपरी आणि एक अंतराळवीर. तीन दिवस त्या चित्राच्या आत राहिलो आणि ते नीट दिसलं उतरल्यावर. त्या बोटीवर मला सर्वांत आवडला तो आठव्या मजल्यावरचा डेक. बोटीला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. पहाटे साडेपाचला मी एकटी चार फेऱ्या मारायचे. बाजूला कठडा, खाली पाणी, आणि इंजिनाची बारीक थरथर तळपायाला लागायची. जेवणाची काळजी नव्हती. लीडो नावाच्या मोठ्या जेवणघरात शाकाहारी भारतीय जेवण वेगळं मांडलेलं असतं, जैन सुद्धा मिळतं. आमच्या टेबलाशेजारी रोज एक गुजराती आजी बसायच्या. त्यांनी तीन दिवसांत मला त्यांच्या चारही सुनांची माहिती दिली.

लेकासाठी इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा अनेक प्रवेशांचाच हवा, कारण बोट देशाबाहेर जाते आणि परत येते. अरायव्हल कार्ड ऑनलाइन दर वेळी नव्यानं भरायचं. विमानानं आलो तेव्हा भरलं, आज उतरण्याआधी भरलं, अजून एकदा भरायचं आहे. पासपोर्टवर शिक्का मात्र मिळत नाही, 2020च्या डिसेंबरपासून इथे शिक्के बंदच आहेत. ह्यांना फार वाईट वाटलं. बोट मलेशियातल्या पेनांगला गेली होती, तिथला एक तरी मिळाला म्हणून समाधान.

दुसरी बोट, पहिला दिवस

टॅक्सीनं पुन्हा तिथेच. मरीना बे क्रूझ सेंटर. कालचंच दार, कालचीच लांब रांग, कालच्याच खुर्च्या. फक्त काचेपलीकडे उभी असलेली बोट वेगळी. सिंगापुरात दुसरं जुनं टर्मिनल आहे हार्बरफ्रंटला, पण तिथे वरून सेंटोसाचा रोपवे जातो, त्यामुळे 52 मीटरपेक्षा उंच बोटीला आत येता येत नाही. म्हणून 2012 साली हे नवं बांधलं. हे सगळं ह्यांच्याकडून कळलं. माझगाव डॉकमध्ये तेहतीस वर्षं काढलेला माणूस. बोटीवर चढला की आधी तिचं वय विचारतो आणि जन्मगाव.

आणि तिथेच ह्यांना आजचा आनंद सापडला. दोन्ही बोटी एकाच यार्डात बांधलेल्या! जर्मनीतलं पापेनबुर्ग, मायर वेर्फ्ट. 'अँथम' 2015 सालची, 'गेंटिंग ड्रीम' तिच्यानंतरची, 2016ची. गंमत म्हणजे ते यार्ड समुद्रावर नाहीच. आत नदीवर आहे, एम्स नदीवर. बांधून झालेली बोट नदीतून मागे मागे, पाठमोरी समुद्राकडे नेतात. नदीत पाणी पुरावं म्हणून खाली बंधारा घालून पाणी अडवतात. ह्यांनी टिश्यूपेपरवर नदी काढून दाखवली. मी तो वहीत ठेवला आहे.

ही बोट त्या बोटीपेक्षा बारा-तेरा मीटर लांब. टनेज सांगतात एक लाख अडुसष्ट हजार, तिचं दीड लाख. ते वजन नसतं हे मला आत्ताच कळलं. बोटीच्या आत किती बंदिस्त जागा आहे, त्याचं ते माप. म्हणजे मी इतकी वर्षं चुकीचं समजत होते.

सख्ख्या बहिणीच म्हणायच्या, पण वळण निराळं. इथे बोटीला पायी पूर्ण वळसा घालता येईल असा तो डेक नाही. पहिल्या तासात मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. इथला ओढा वर आणि आत. मागच्या टोकाला टू सेव्हंटी नावाचं उंच काचेचं दालन आहे, तिथे बसलं की बोटीनं मागे सोडलेली पांढरी वाट दिसत राहते. आणि एका लांब यांत्रिक हाताच्या टोकाला काचेची खोली, नॉर्थ स्टार. ती माणसांना घेऊन समुद्रापासून तीनशे फुटांवर जाते. हे उद्याच जाणार. मी बघेन.

संध्याकाळी सुरक्षिततेची कवायत. आपल्या जागी जायचं, कार्ड दाखवायचं, जाकीट कसं घालायचं ते बघायचं. चार दिवसांपूर्वीच त्या बोटीवर केली होती, त्यामुळे आजूबाजूचे काही जण कंटाळले होते. मी कंटाळत नाही. इटलीच्या किनाऱ्यावर 2012च्या जानेवारीत 'कोस्टा काँकॉर्डिया' कलंडली, तेव्हा काही प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला आणि ती बोट सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या करायची ठरली. आमच्या घरात हे कोणी सांगावं लागत नाही. आजीचं माहेर रेवसकडचं. 17 जुलै 1947ला 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यात आजीचा धाकटा भाऊ होता. आजी पुढे कधी बोटीत बसली नाही. आम्ही निघालो की प्रत्येकाच्या हातावर दही घालायची आणि आत निघून जायची. कवायतीत मी दोन्ही वेळा पहिल्या रांगेत उभी राहिले.

ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या धक्क्यावर दिलेल्या मोठ्या बॅगेत गेल्या. बॅग खोलीशी आली रात्री साडेनऊला. तोवर माझ्या जिवात जीव नव्हता.

रात्री

त्या बोटीवर आमची खोली डावीकडे होती, हिच्यावर उजवीकडे. मलाक्काच्या सामुद्रधुनीत जहाजांना रस्त्यासारख्या वाटा आखून दिलेल्या आहेत. पेनांगकडे निघालं की आपली वाट मलेशियाच्या बाजूची, समोरून येणारी जहाजं डावीकडून जातात. म्हणून गेल्या खेपेला रात्रभर जहाजंच जहाजं दिसली, एकामागे एक, देवळाच्या वाटेवर दिवट्या घेऊन माणसं जावीत तशी. सिंगापूरजवळ ही वाट जिथे सर्वांत चिंचोळी होते, तिथे तिची रुंदी तीन किलोमीटरसुद्धा नाही. आज उजवीकडून बघते तर एकही जहाज नाही. नुसता किनारा. लांबवर गावांचे दिवे, मध्येच अंधार, पुन्हा दिवे. पाणी तेच, तास तेच. मी दोन वेळा आले नसते तर या समुद्राची एकच बाजू घेऊन घरी गेले असते.

पेनांग, दुसऱ्यांदा

पहिल्या खेपेला पेनांगला धावपळ झाली होती. बस, पेनांग हिल, 1923पासून चालणारी ती डोंगर चढणारी रेल्वे, तिची रांग, परत बस. आज काहीच ठरवलं नाही. स्वेटेनहॅम धक्क्यावरून चालत निघालो. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून बांधलेला साठ फुटी घड्याळ मनोरा ओलांडला, किल्ल्याला वळसा घातला आणि च्यू जेट्टीवर जाऊन बसलो. एकाच आडनावाच्या चिनी कुटुंबांची वस्ती, पाण्यात रोवलेल्या खांबांवर. ओहोटी होती. खांबांचे हिरवे, शिंपले चिकटलेले पाय उघडे पडले होते. एका बाईनं फळीवर कोलीम, ती अगदी बारीक कोळंबी, वाळत घातला होता. वास आला आणि मी डोळे मिटले. हर्णै बंदरावर सुकटीचा हाच वास, याच उन्हात.

तासभर आम्ही दोघं काही बोललो नाही. परतताना हे म्हणाले, "मागच्या खेपेला हे राहिलंच होतं."

फुकेत

रात्रीच्या जेवणाला वाढणारा मुलगा गोव्याचा निघाला. माझं मराठी कानावर पडलं आणि त्यानं थबकून विचारलं, "तुमी खंयचीं?" गेल्या वर्षी तो दुसऱ्या कंपनीच्या बोटीवर होता. मी म्हटलं, म्हणजे तू पण माझ्यासारखाच. तो हसला. त्याचे आजोबा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, वडीलही तारवटी. आजोबा बोटीची वाट बघत मुंबईत धोबीतलावला गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहायचे, असं तो सांगत होता. हा सात महिन्यांच्या करारावर आहे. बायको साळगावला, बाळ चार महिन्यांचं, अजून हातात घेतलेलं नाही. आम्ही एका आठवड्यात दोन बोटी बदलल्या म्हणून मी वहीची पानं भरते आहे. हे मी त्याच्याशी बोलू शकले नाही.

आणि आज सकाळी पाटोंग, थायलंडमधल्या फुकेतचा किनारा. बोट किनाऱ्याला लागत नाही, बाहेरच नांगर टाकते. तिथून लहान बोटीनं काठाला जायचं. चिठ्ठ्या, नंबर, रांगा झाल्या आणि बोटीच्या पोटातलं एक दार उघडलं. एकदम खारा वारा आत आला. सहा दिवस मी पाण्यावर होते, पण पाणी इतकं जवळ पहिल्यांदाच. लहान बोट वरखाली होत होती. खलाशानं हात पुढे केला.

हर्णैला असंच असायचं. बोट सुवर्णदुर्गाच्या बाहेर उभी, खाली काठाला नेणारी होडी, पडाव, लाटेवर नाचतोय आणि खलाशी खालून ओरडतोय, "लाट वर आली की पाय टाक!" मी सात वर्षांची होते, कमरेला आईचा हात घट्ट. पाय टाकायचा क्षण चुकला तर पुढच्या लाटेपर्यंत थांबायचं. मी थांबायचे. नाना पडावात उभे राहून वाट बघायचे, कधी घाई करायचे नाहीत.

आजही मी एक लाट जाऊ दिली. मागच्या माणसानं काही म्हटलं नाही. दुसरी वर आली तेव्हा पाय टाकला.

संध्याकाळी दापोलीला दादाला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न, "बोट लागली का गं?" नाही म्हटलं, दोन्ही लागल्या नाहीत. मग म्हणाला, "यंदा कुठली चांगली?" मी त्याला अर्धा तास सांगितलं. चालायला पहिली. डेकवर पहाटे समुद्र हाताशी असतो, आणि माणसं जास्त घरची वाटतात. बसून बघायला दुसरी. ह्यांना दुसरीच. नॉर्थ स्टारमधून उतरले तेव्हा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला होता. पडावाचं सांगितलं तेव्हा दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लाट जाऊ दिलीस ना? बरं केलंस."

उद्याचा दिवस पाण्यावरच, आणि रात्री बॅगा पट्ट्या लावून दाराबाहेर ठेवायच्या. गोळ्या आत्ताच माझ्या पर्समध्ये काढून ठेवल्या आहेत. तिसरं अरायव्हल कार्डही भरून झालं.