तुम्ही विचारलंत म्हणून: इतिहासाचा निबंध पुरा कसा होतो?

“चार महिने मुलगी नुसती माहिती गोळा करतेय, निबंध काही पुरा होत नाही. तुम्ही मुलांकडून लिहून कसा घेता?” अकरावी-बारावीच्या मुलांचे आईवडील मला हे नेहमी विचारतात. काही जण जरा संकोचून पुढचंही विचारतात, की शेवटची दोन-चार पानं तुम्हीच लिहून द्याल का. ते मी करत नाही. बाकी सगळं सांगते.

निबंध अडतो तो बहुतेक वेळा आळसामुळे अडत नाही. मुलाकडे विषय असतो, पण प्रश्न नसतो. ‘पानशेतचा पूर’ हा विषय झाला. त्यावर कितीही वाचलं तरी आता थांबावं असं कुठेच वाटत नाही, कारण काय सापडलं म्हणजे काम झालं हेच ठरलेलं नसतं.

अकरावीतल्या एका मुलीचं नेमकं हेच झालं होतं. वही गच्च भरलेली. पानशेतचं मातीचं धरण आंबी नदीवर, १२ जुलै १९६१ रोजी फुटलं, तेव्हा काम पुरं झालेलं नव्हतं. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते धरून ठेवलं. पुढे चौकशी आयोग बसला. पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती झाल्या. सगळं बरोबर. पण पहिलं वाक्य होतं, ‘पानशेत फुटलं आणि पुणं बुडालं.’ त्या ‘आणि’खाली मी पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘कशावरून?’

कारण पानशेत आणि पुणं यांच्या मध्ये खडकवासला आहे. पानशेत सकाळी फुटलं. एकोणिसाव्या शतकातलं खडकवासल्याचं दगडी धरण तो लोंढा काही तास पेलून राहिलं आणि दुपारी तेही गेलं. त्या मधल्या वेळात नदीकाठच्या पेठांना काय माहीत होतं? कुणी सांगितलं, कसं सांगितलं, लोकांनी विश्वास ठेवला का? हा प्रश्न एका निबंधात मावतो. मुलीच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की आता ही लिहिणार.

तिची आजी तेव्हा नारायण पेठेतल्या वाड्यात राहायची. आजी आधी म्हणाली, “आम्हाला कुणीच काही सांगितलं नाही.” वर्तमानपत्राच्या जुन्या फायलीत मात्र इशारा दिल्याचा उल्लेख मिळाला. मुलगी घाबरून माझ्याकडे आली, आता आजी खोटी ठरणार म्हणून. मला तर आनंदच झाला. दोन साधनं एकमेकांशी पटेनाशी झाली, की खरं काम तिथून सुरू होतं. तोवर मूल उतरवून घेत असतं. त्यानंतर त्याला स्वतःचं काहीतरी म्हणावं लागतं.

मी तिला परत आजीकडे पाठवलं, पण ‘किती वाजले होते’ हे विचारायचं नाही असं बजावून. साठ वर्षांपूर्वीचं घड्याळ कुणाला आठवत नाही, स्वयंपाकघर आठवतं. स्टोव्हवर काय होतं? घरात कोण होतं, कोण बाहेर गेलेलं होतं? तो बुधवार होता, म्हणजे कामाचा दिवस. मग आजीला आठवलं, की भात उतरवला होता, आजोबा कचेरीत होते, आणि गल्लीतून कुणीतरी ‘पाणी येतंय’ असं ओरडत गेलं, पण नदीला दर पावसाळ्यात पाणी येतंच म्हणून बायकांनी आधी पानं वाढली. म्हणजे सांगितलं गेलं होतं. धरण फुटलंय, हे त्या सांगण्यातून पोचलं नव्हतं. निबंधाचा गाभा आजीच्या या दोन-तीन वाक्यांत होता, आणि तो कुठल्याही छापील पुस्तकात तिला मिळाला नसता.

एका आजीवरून सगळ्या पेठेबद्दल बोलता येत नाही, हेही तिला लिहायला लावलं. शेजारच्या वाड्यांतली आणखी माणसं तिने गाठली, प्रत्येकाची परवानगी घेतली, कोण कुठे उभं होतं ते नोंदवलं. एका टिपणाला एक कार्ड, वर कोपऱ्यात कुणाकडून आणि कधी कळलं ते. इतिहासाचार्य राजवाडे अस्सल कागदासाठी गावोगाव हिंडले. आपल्या मुलांनी निदान आपल्याच घरातल्या माणसाचं म्हणणं तारखेनिशी लिहून घ्यावं, एवढा माझा आग्रह आहे.

कच्चा खर्डा मी तिच्याकडून मोठ्याने वाचून घेते. जिथे वाक्य तिचं नसतं तिथे आवाज सपाट होतो. इंटरनेटवरून उचललेले परिच्छेद असेच सापडतात, ओरडावं लागत नाही. तिनेच ते काढले. धरणाची उंची, पाणीसाठा, जिल्ह्याचा भूगोल, सगळं गेलं. मृतांचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे मिळत होते, आणि तिच्या प्रश्नाला त्यांची गरजही नव्हती, म्हणून तेही वगळले. निबंध निम्म्यावर आला आणि पुरा झाला.

तेव्हा तुमच्या मुलीला सगळ्या वह्या घेऊन पाठवू नका. एकाच दिवसाबद्दल दोन जण वेगवेगळं सांगतायत, अशी एक जागा तिला शोधायला सांगा. तेवढं घेऊन ती आली, की आम्ही त्याच दिवशी पहिला परिच्छेद लिहायला बसू.