नववा रकाना

ग्रंथालयाच्या सभासद अर्जात नऊ रकाने होते. आठ मी उभ्या उभ्या भरले. नववा भरायला पाच आठवडे लागले. हा अनुभव त्या नवव्या रकान्याचाच आहे, बाकीचं सगळं मी एव्हाना विसरले.

सुरुवात झाली एका रविवारी. आमचा वाचकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, नव्वदेक माणसं. बहुतेक सांगली-सातारा-कोल्हापूरकडची, आणि पुण्या-मुंबईत जाऊनही अजून ‘आमच्याकडं’ म्हणणारी काही. नियम साधा. रविवारी एकानं एक पुस्तक सुचवायचं, का आवडलं ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं, नुसता मुखपृष्ठाचा फोटो चालत नाही. यातली निम्मी माणसं मी कधी पाहिलेली नाहीत. कोण काय वाचतं त्यावरून ओळखते. त्यातले एक गुरुजी. निवृत्त प्राथमिक शिक्षक, प्रोफाइलला गणपतीचा फोटो. वर्षातून दोन-तीनदाच पुस्तक सुचवतात, पण त्या दिवशी ग्रुपवर गुड मॉर्निंगवालेसुद्धा गप्प बसतात. ‘अप्रतिम’, ‘जरूर वाचा’, ‘संग्राह्य’ हे शब्द त्यांनी कधी लिहिल्याचं मला आठवत नाही.

जूनमध्ये त्यांनी लिहिलं, “‘जोगवा’ सिनेमा बघून सगळे रडलात. त्याच्या मुळाशी ‘दर्शन’ नावाची कथा आहे, ती लिहिणारा माणूस आपल्या कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावचा. चारुता सागर. ‘नागीण’ मिळवा. सलग वाचू नका, दिवसाला एक कथा.”

हे नाव वाचून मला इतकी वर्षं त्या कुणी बाई वाटायच्या. दिनकर दत्तात्रय भोसले हे खरं नाव तेव्हा कळलं. माडगूळकर बंधू आपले, वाटेगावचे अण्णा भाऊ आपले, सांगलीत जन्मलेले खांडेकर आपले, एवढं आम्ही सांगलीकर पाहुण्यांना ऐकवतो. आणि तासाभराच्या अंतरावरच्या मळणगावचा पत्ता नाही. लाज वाटली.

त्या मेसेजखाली दुसराच मेसेज काय असणार? “पीडीएफ असेल तर टाका.” मला याची फार चीड आहे. लेखक गेल्यावरही पुढची साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतात. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, म्हणजे ‘फकिरा’सुद्धा २०२९ संपेपर्यंत कुणी फुकट वाटू शकत नाही. हे मी ग्रुपवर इतक्या वेळा लिहिलंय की आता कुणी पीडीएफ मागितली की लोक मलाच टॅग करतात.

मी गुरुजींना विचारलं, “कुठं मिळेल?” त्यांचं उत्तर आलं, “शोधल्यास मिळेल.” पुढं नमस्काराचे दोन हात. हे उत्तर लक्षात ठेवा.

दोन दुकानं झाली. एकात नव्हतं, दुसऱ्यात ‘मागवून ठेवतो, फोन करतो’ म्हणाले. तो फोन अजून यायचाय. ग्रुपमधल्या वाईच्या मैत्रिणीनं सुचवलं, भिलारला ये, पुस्तकांच्या गावात, तिथं घराघरांत पुस्तकं आहेत, बसून वाच. २०१७ पासून जायचं जायचं म्हणतेय मी. पण मिरजेला लॅबमध्ये नोकरी, सुट्टी एक रविवार, त्यात एका पुस्तकासाठी पाचगणीचा घाट चढायचा? आणि दिवसाला एक कथा वाचायची तर तिथं राहायलाच जावं लागेल.

माझं स्वतःचं कपाट असतं तर कदाचित त्यातही सापडलं असतं, माझ्या सासऱ्यांनी बरंच जमवलं होतं. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही गावभागात तळमजल्यावर होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोका पातळी, त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. परत आलो तेव्हा खालच्या तीन फळ्यांची एकच वीट झाली होती. वरच्या फळीवरची पुस्तकं वाळवली, ती अजून उघडताना कुरकुरतात. त्यानंतर विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं आलो आणि मी पुस्तकं विकत घेणं कमी केलं. म्हणून ग्रंथालय.

कुठलं ते लिहीत नाही, कारण पुस्तकं आता तिथूनच न्यायची आहेत.

अनामत पाचशे, प्रवेश फी पन्नास, महिन्याची वर्गणी साठ. दोन फोटो, आधारची झेरॉक्स. आधारवर गावभागाचा पत्ता आणि लाइट बिल घरमालकाच्या नावावर, त्यावरून थोडं झालं, पण भाडेकरार दाखवल्यावर मिटलं. मग देवघेव विभागातल्या लिपिकांनी अर्ज उलटा करून नवव्या रकान्यावर पेन ठेवलं. ‘परिचय देणाऱ्या विद्यमान सभासदाचे नाव, सभासद क्रमांक व सही.’

“मी कुणाला ओळखत नाही हो इथं.”

“मग ओळख काढा की मॅडम. सांगलीतच राहताय न्हवं?”

“पाचशे रुपये अनामत ठेवतेय ना मी? पुस्तक दोनशेचं असतं.”

“पैशाचा प्रश्न नाही. लोक पुस्तक नेतात आणि आणून देत नाहीत. मग आम्ही कुणाला धरायचं?”

मला तेव्हा हे अपमानास्पद वाटलं. बँकेनं मला कर्ज दिलं तेव्हा इतकं विचारलं नव्हतं. (विचारलं होतं, पण ते पैशासाठी होतं.)

इथं एक सांगून ठेवते, नाहीतर राहून जाईल. बोर्डावर संध्याकाळची वेळ साडेचार ते साडेसात लिहिलेली असते, पण देवघेव सव्वासातला बंद होते, कारण नंतर पुस्तकांचा मेळ घालायचा असतो. मिरजेहून सहाला सुटून, रस्त्यावरच्या गर्दीतून मी तीनदा सात वीसला पोचले. तीनदाही दिवे चालू होते, पंखा चालू होता, माणूस समोर बसलेला होता आणि ‘आता हिशेब बंद झाला’ हे ऐकून परत आले. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. तेही एका गुरुवारीच कळलं.

पहिली सही खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंची आणली. काकू लग्न होऊन आल्यापासून सभासद, मोठ्या अभिमानानं सही केली. लिपिकांनी रजिस्टर काढलं आणि सांगितलं, या बाईंची वर्गणी कोविडपासून थकलेली आहे, सभासदत्व कधीच बंद झालंय. ही बातमी काकूंना सांगायची जबाबदारी अर्थात माझ्यावर. त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू मीच बंद केलं.

दुसरी सही लॅबमधल्या एका सहकाऱ्याच्या भावाची. तो सभासद होता, वर्गणीही चालू होती. पण तो बालविभागाचा सभासद होता. वय चोवीस. तिथली वर्गणी कमी म्हणून बदललंच नाही म्हणे. त्याची सही चालत नाही.

मग मी ग्रुपवर विचारलं. नव्वद माणसं, रोज पुस्तकांवर बोलणारी, त्यांत सांगलीच्या त्या ग्रंथालयाचा एक सभासद नसावा? तिघांनी अंगठा दाखवला. एकानं ‘प्रयत्नांना शुभेच्छा’ लिहिलं. एकानं पीडीएफ मागितली. रात्री साडेदहाला गुरुजींचा वेगळा मेसेज आला, “मी सभासद आहे. १९९४ पासून. उद्या साडेपाचला येतो.”

मी अर्धा दिवस रजा टाकली. गुरुजी वेळेवर आले. मी मनात उंच माणूस धरला होता, हे माझ्या खांद्याएवढे, हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी. इतक्या वर्षांची ओळख आणि पहिली भेट, तरी ‘नमस्कार’ म्हटल्यावर आम्हा दोघांनाही पुढं काय बोलावं कळेना. सरळ काउंटरला गेलो.

गुरुजींनी सभासद क्रमांक तोंडपाठ सांगितला. लिपिकांनी एक रजिस्टर पाहिलं. मग दुसरं पाहिलं. मग चष्मा कपाळावर सरकवला.

“गुरुजी, तुमच्या नावावर एक पुस्तक बाहेर हाय. मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीपासनं.”

“असेल,” गुरुजी म्हणाले.

“कुठलं?” हे मी विचारलं. का विचारलं माहीत नाही. पोटात काहीतरी झालं म्हणून.

लिपिकांनी आधी दाखल क्रमांक वाचला, कारण ते आधी दाखल क्रमांकच वाचतात. मग म्हणाले, “नागीण.”

गुरुजी वर पंख्याकडं बघत होते.

म्हणजे मी दोन दुकानं पालथी घातली, काकूंशी बिघडलं, तीनदा सात वीसला परत गेले, आणि पुस्तक या माणसाच्या उशाशी. माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर. शोधल्यास मिळेल!

“गुरुजी, मी विचारलं तेव्हा सांगायचं नाही का?”

“लायब्ररीचं आहे हे विसरलो होतो,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, “नाही, विसरलो नव्हतो. सांगितलं असतं तर तुम्ही मागितलं असतं.”

यावर काय बोलणार? राग आला होता, पण इतकं खरं उत्तर मला त्या पाच आठवड्यांत दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं.

पुस्तक परत येऊन दंड भरेपर्यंत त्यांची सही धरता येणार नाही, असा निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी गुरुवार. शुक्रवारी गुरुजींनी ‘नागीण’ आणलं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, कोपरे सरळ. दंड दिवसाला पन्नास पैसे, एकूण दोनशे सत्तरच्या घरात. निम्मे मी देते म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. दहा-दहाच्या नोटा मोजून ठेवल्या. मग सही केली, तर ती १९९४ च्या सहीशी जुळेना. तेव्हा ते पूर्ण नाव लिहायचे, आता नुसतं आडनाव आणि एक फराटा. रद्दी कागदावर चार वेळा गिरवून पाचव्यांदा अर्जावर केली. नववा रकाना भरला.

पण संपलं नाही. सभासद कार्डावर कार्यवाहांची सही लागते आणि ते शनिवारी येतात. पुस्तक समोर, परत आलेल्या ढिगात सगळ्यात वर. मी म्हटलं, एक दिवस बाजूला ठेवा. “सभासद नसताना मागणी नोंदवता येत नाही.” दुसऱ्या कुणी नेलं तर? “तर त्यांनी आणून दिल्यावर तुम्ही न्या.” आणि तो ‘दुसरा कुणी’ गुरुजींसारखा निघाला तर?

तेव्हा गुरुजींनी शांतपणे पुस्तक उचललं, कपाटांकडं गेले आणि बालविभागात, विज्ञानाच्या प्रयोगांमागं ते आडवं सरकवून ठेवलं. तीसएक वर्षं मुलांच्या लपवालपव्या पकडण्यात काढलेला माणूस. लिपिकांनी सगळं पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. त्यांच्याबद्दल मी वर जे लिहिलंय त्यातलं थोडं इथं परत घेते. ग्रंथालय सरकारी यादीत ड वर्गाचं असो की अ वर्गाचं, अनुदान जेमतेम, आणि गेलेलं पुस्तक परत येत नाही ही त्यांची तक्रार खरीच होती. पुरावा माझ्याशेजारी छत्री घेऊन उभा होता.

आता तुम्हाला जायचं असेल तर आठवेल तसं सांगते. ज्याची सही आणणार त्याला आधी विचारा की वर्गणी भरलीय का आणि घरात ग्रंथालयाचं काही पडलंय का. लाजू नका, थेट विचारा. अनामतीची पावती लॅमिनेट करून ठेवा, सोडताना ती नसेल तर पैसे मिळत नाहीत. कपाटात पुस्तक दिसलं नाही तर ‘आहे का’ असं विचारू नका, ‘बाहेर आहे की गहाळ आहे’ असं विचारा, म्हणजे रजिस्टर उघडतं. मी पहिल्याच दिवशी हे विचारलं असतं तर पाच आठवडे वाचले असते. मला पुस्तकापेक्षा अर्जाची घाई झाली होती. आणि ग्रुपवर पुस्तक सुचवणार असाल तर ते आत्ता कुणाच्या घरात आहे तेही लिहा.

शनिवारी कार्ड मिळालं. ‘नागीण’ प्रयोगांमागून काढून काउंटरवर ठेवलं, सात दहाला, पाच मिनिटं हातात राखून. लिपिकांनी मागचं पान उघडून तारीख घातली. त्या कागदावर माझ्या वर अकरा तारखा होत्या. नऊ तारखांपुढं एकच सभासद क्रमांक, जो गुरुजींना तोंडपाठ आहे.

मुदत चौदा दिवस. काल गुरुजींचा मेसेज आला, “किती झाल्या?”

“दिवसाला एक,” मी लिहिलं.

“बरं. परत कधी करताय?”